बाकावरचे

माझं काम घोटे बांधायचं.
सामन्याआधी टेबलावर पाय टाकून ते बसतात,
मी पांढरी पट्टी टाचेखालून घेते, वर काढते,
आठचा आकडा, मग दातांनी तोडते.
दांगुओले, जरा घट्ट. दांगुओले, जरा सैल.
बावीस वर्षं हेच ऐकतेय.
चेहरे विसरते, घोटे नाही.

गेल्या मे महिन्यात आम्ही लिथुआनियाचे अजिंक्य झालो.
आम्ही! काकडीच्या लोणच्यावर जगणारं गाव.
बाजारातल्या बायकांनी बरण्यांना हिरव्या फिती बांधल्या,
पाद्रीबाबांनी घंटा वाजवली, जरा जास्तच वेळ.
फोटोत पुढे पाच जण आहेत.
मागचे सात धूसर.

एइमांतास, त्या धूसरांतला.
सामन्याला सात मिनिटं खेळायचा, फार तर आठ.
तेवढ्यात तौरास पाणी प्यायचा,
गुडघ्यावर बर्फ धरायचा,
आणि परत उठायचा तेव्हा गुडघा त्याचा त्याला मिळालेला असायचा.
म्हातारा कोर्नेलियूस तर फाऊल करायलाच आत जायचा.
मार द्यायचा, मार खायचा, हसत येऊन बसायचा,
बाकाची ती फळी अजून त्याच्या वजनाने वाकलेली आहे.

उन्हाळ्यात एइमांतासला तुर्कस्तानातून फोन आला. दुप्पट पगार.
कोर्नेलियूस वडिलांच्या मधमाश्यांकडे गेला.
दोघं पोलंडला. कुणाचं काय चुकलं?
चेअरमन म्हणाले, पहिले पाच आहेत ना आपल्याकडे.
मी कोपऱ्यात पट्ट्यांची खोकी मोजत होते.
मोजत राहिले.

नोव्हेंबरात तौरासच्या गुडघ्याची वाटी सरकली.
टाळ्यांच्या आतून मला तो आवाज आला,
गोठलेल्या नदीवर कुणी घाईने पाय ठेवावा तसा.
त्याचा भार योगैलावर आला.
जानेवारीत योगैलाची मांडी गेली,
भार पुढे सरकला, पुढच्याची पाठ धरली.
घरात एक जण अंथरुणाला खिळला
की दुसऱ्याला आजारी पडायची सोय नसते.
तरी तो पडतोच.
मार्चपर्यंत पट्टी दुप्पट लागायला लागली, पाय निम्मे.

बाक भरलेलं दिसायचं, तसं.
इस्त्रीच्या कोटातले उंच, देखणे लोक,
कुबड्या पायाशी आडव्या,
टाळ्या मात्र सगळ्यांत जोरात त्यांच्याच.

उग्नियूसला शाळेतून आणला.
सतरा वर्षांचा, पाय करकोच्याचे,
पिशवीत भूमितीची वही.
पट्टी बांधताना म्हणाला, गुदगुल्या होतात.
पोरगं चांगलं होतं हो.
फक्त दहावं असायला हवं होतं,
आणि आम्ही त्याला सहावं केलं होतं.

शेवटच्या सामन्यात तिसऱ्या क्वार्टरला आम्ही नऊ गुणांनी पुढे होतो.
लोक उभे राहून गात होते.
मग चेंडू रिंगच्या पुढच्या कडेला लागायला लागले.
एक. दोन. पाठोपाठ चौथा.
पुढच्या कडेला लागणारा चेंडू हाताने चुकलेला नसतो.
पाय संपलेले असतात.
हे मला कळलं, आणि समोरच्या संघाच्या मालीशवाल्याला.
त्याने माझ्याकडे पाहिलं, मग मान खाली घातली.

प्रशिक्षक स्किरमांतास सवयीने मागे वळले,
बोट वर, कुणाला तरी बोलवायला.
बोट तसंच राहिलं थोडा वेळ.
मग त्याच हाताने त्यांनी केस सारखे केले.

सहा गुणांनी हरलो.
पेपरात लिहून आलं, चॅम्पियनांची भूक मेली.
भूक! उग्नियूस कपडे बदलायच्या खोलीत
राईच्या पावाची अख्खी लादी रडत रडत खात होता.

रात्री जर्सी धुवायला टाकल्या.
आठच होत्या.
मशीन अर्धं रिकामं असलं की पिळताना थरथरतं,
फरशीवरून चालत दारापर्यंत येतं.
म्हणून कपाटातून घड्या घातलेल्या उरलेल्या चार काढल्या,
स्वच्छच होत्या,
त्याही आत टाकल्या.

मग ते नीट फिरायला लागलं.